थकलेल्याला चालायला सांगण्यापूर्वी

जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही दवाखान्यात दिवसभर बसलं तर एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर पडते: अशक्तपणा. अंगात त्राण नाही, पाय ओढत चालावं लागतं, सकाळी उठल्या उठल्या परत पडावंसं वाटतं. पेशंट स्वतःच म्हणतो, 'डॉक्टर, एक सलाईन लावून द्या.' बाटलीत पिवळं मल्टिव्हिटॅमिन जातं, चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. रक्त-लघवीचे रिपोर्ट नॉर्मल आले की सल्ला मिळतो, 'तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका. सकाळी फिरायला जा, रोज थोडं थोडं वाढवा.'

शेवटची दोन वाक्यं साधी वाटतात, पण त्यांच्यामागे आधुनिक वैद्यकातला एक मोठा वाद उभा आहे. 'रोज थोडं थोडं वाढवा' याला ब्रिटनमध्ये ग्रेडेड एक्सरसाइज थेरपी असं नाव मिळालं. 'टेन्शन घेऊ नका, आजाराकडे बघण्याची दृष्टी बदला' याची पद्धतशीर मांडणी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, अर्थात सीबीटी. क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजारावर हेच दोन उपचार तिथे वर्षानुवर्षं अधिकृत म्हणून दिले गेले. त्यांच्या चाचण्या झाल्या, निकालांवरून प्रकरण न्यायाधिकरणात गेलं आणि २०२१ मध्ये व्यायामाचा उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला गेला. हा सगळा प्रवास खानदेशातल्या डॉक्टरांनी, फिजिओथेरपिस्टनी आणि घरातल्या माणसांनीही समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे थकव्याची कारणं ढीगभर आहेत. त्यातल्या बऱ्याच लोकांना चालण्याने फायदा होतो. पण एका गटाला त्याच चालण्याने अंथरूण धरावं लागतं, आणि तो गट आपल्याला ओळखता येत नाही.

आधी आजार कोणता ते पाहू. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये जगभरच्या संशोधनाचा अभ्यास करून निकष सुटसुटीत केले. सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्वीसारखं काम करता न येणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि श्रमानंतर प्रकृती ढासळणं ही तीन लक्षणं असायलाच हवीत. त्यांच्या जोडीला विचारशक्ती मंदावणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं यांपैकी एक तरी हवं. यातलं मुख्य मर्म म्हणजे श्रमानंतरची घसरण. हा त्रास बहुधा काम करताना होत नाही, पुष्कळदा १२ ते ४८ तासांनी येतो. नात्यातल्या लग्नाला जाऊन, दोन तास उभं राहून, हसून-बोलून आलेली बाई त्या रात्री बरी असते आणि तिसऱ्या दिवशी तिला केस विंचरायला हात वर उचलता येत नाही. घसा दुखतो, डोकं जड होतं, उजेड सहन होत नाही. हे कधी चार दिवस चालतं, कधी चार आठवडे. घरचे म्हणतात, 'लग्नात तर चांगली होतीस.' श्रम आणि शिक्षा यांच्यात एवढं अंतर असल्यामुळे रुग्णालासुद्धा दोहोंचा संबंध लवकर लागत नाही.

हा आजार नवा नाही. १९३४ मध्ये लॉस एंजलिसच्या सरकारी रुग्णालयात, १९४८ मध्ये आइसलंडच्या आकुरेरी गावात, १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये त्याच्या साथी नोंदल्या गेल्या. रॉयल फ्रीमध्ये जवळपास ३०० कर्मचारी आजारी पडले. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, मॅकएव्हडी आणि बिअर्ड या दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी वाचून ही 'सामूहिक हिस्टेरिया' असल्याचं जाहीर केलं. बाधितांत बायका जास्त होत्या, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात १९६९ पासून हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत आहे, तरी 'मनाचे खेळ' हा शिक्का काही पुसला गेला नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव दिलं गेलं. सगळ्यांना कधी ना कधी येणारा थकवा आजाराच्या नावातच बसला, आणि रुग्णाचं ऐकून घेणं आणखी अवघड झालं. आता 'मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस' (एमई) हे जुनं नाव आणि हे नवं नाव जोडून एमई-सीएफएस असं म्हणतात.

१९८०च्या दशकाच्या अखेरीला ब्रिटनमध्ये काही मनोविकारतज्ज्ञांनी एक सिद्धान्त मांडला. सुरुवातीला खरंच संसर्ग होतो, पण तो जातो. रुग्ण मात्र विश्रांतीला चिकटून राहतो. त्यामुळे स्नायू दुबळे होतात, थोड्या हालचालीनेही दुखतं, दुखलं की भीती वाटते आणि भीतीपोटी हालचाल आणखी कमी होते. मग उपाय सरळच होता. भीती घालवायला सीबीटी, आणि दुबळेपणा घालवायला ठरलेल्या मात्रेने वाढत जाणारा व्यायाम. सिद्धान्त सुसंगत आहे. कंबरदुखीत किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतर असा व्यायाम उपयोगी पडतोच, म्हणून तो डॉक्टरांना पटला यात नवल नाही.

या सिद्धान्ताची सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे 'पेस' चाचणी. ६४१ रुग्ण, चार गट. एका गटाला फक्त नेहमीचा वैद्यकीय सल्ला, बाकी तीन गटांना त्याशिवाय अनुक्रमे सीबीटी, वाढता व्यायाम किंवा आपल्या मर्यादेत राहून कामं करण्याचं शिक्षण. फेब्रुवारी २०११ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निकाल आले की सीबीटी आणि व्यायाम दोन्ही उपयुक्त आणि सुरक्षित आहेत. २०१३ च्या दुसऱ्या लेखात तर या दोन्ही गटांतले २२ टक्के रुग्ण 'बरे झाले' असं छापलं गेलं. नुसता वैद्यकीय सल्ला मिळालेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. वर्तमानपत्रांनी मथळे दिले आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते मनात नोंदवून ठेवले.

रुग्णांनी मात्र लेख बारकाईने वाचला. चाचणीत भाग घेण्यासाठी शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या प्रश्नावलीत ६५ किंवा त्याहून कमी गुण असणं आवश्यक होतं. मूळ आराखड्यात बरं होण्याची रेषा ८५ वर होती. निकाल लिहिताना ती ६० वर आणली गेली. म्हणजे ६५ गुण घेऊन आजारी म्हणून आत आलेला माणूस वर्षभराने ६० वर घसरला, तरी या मोजपट्टीवर तो सुधारलेल्यांत बसू शकत होता. ॲलेम मॅथीस या ऑस्ट्रेलियातल्या रुग्णाने माहिती अधिकाराखाली मूळ आकडे मागितले. चाचणी चालवणाऱ्या क्वीन मेरी विद्यापीठाने नकार दिला. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं आणि ऑगस्ट २०१६ मध्ये आकडे देण्याचा आदेश झाला. मूळ आराखड्यातल्या निकषांनी पुन्हा मोजलं तेव्हा बरे झालेल्यांचं प्रमाण सीबीटीत ७ टक्के, व्यायामात ४ टक्के आणि नुसत्या वैद्यकीय सल्ल्यात ३ टक्के निघालं. हे फरक योगायोगाच्या पलीकडे जात नव्हते. हे फेरविश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

पेसमधली आणखी एक गोष्ट मला या आकड्यांहून बोलकी वाटते. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं, हे त्यांनी मोजलं होतं. वर्षभर व्यायाम केलेल्या गटाची सरासरी ३१२ मीटरवरून ३७९ मीटरवर गेली. नुसता वैद्यकीय सल्ला मिळालेला गट ३४८ पर्यंत पोहोचला होता. निरोगी प्रौढ माणूस सहा मिनिटांत सहज पाचशे मीटरच्या पुढे जातो. म्हणजे वर्षभराच्या कष्टांनंतरही ही माणसं आजारीच होती. सीबीटीच्या गटाचं चालणं तर नुसत्या सल्ल्याच्या गटाहून फारसं वेगळं नव्हतं. प्रश्नावलीत 'थकवा कमी झाला' असं लिहिणं आणि पायांनी जास्त चालणं, यांत अंतर पडलं होतं. नेदरलँड्समधल्या तीन सीबीटी चाचण्यांची २०१० मधली तपासणी हेच सांगते. रुग्णांच्या पायाला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं. थकव्याचे गुण सुधारले, पण हालचाल वाढली नाही. ज्याला कोणता उपचार मिळतोय हे ठाऊक आहे आणि हा उपचार चांगला आहे असं ज्याला वारंवार सांगितलं जातंय, त्याच्याच तोंडून निकाल घेतला की असं होतं. यात रुग्ण खोटं बोलत नसतो. त्याला चांगलं वाटावं यासाठीच तर उपचार रचलेला असतो.

स्नायूंच्या दुबळेपणाचा सिद्धान्त आणखी एका ठिकाणी अडला. रुग्णाला तोंडाला मास्क लावून सायकलवर दमेपर्यंत पेडल मारायला लावतात आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा. बैठं काम करणारा, व्यायामाची सवय नसलेला पण निरोगी माणूस दोन्ही दिवशी जवळपास सारखेच आकडे देतो. एमई-सीएफएसच्या रुग्णांच्या गटांत मात्र दुसऱ्या दिवशी क्षमता खाली घसरलेली अनेक अभ्यासांत दिसली. एका दिवसाच्या चाचणीत हे दिसत नाही. नुसता दुबळेपणा असता, तर तो रातोरात वाढला नसता. जानेवारी २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर महिनोन्‌महिने आजारी राहिलेल्या, रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे श्रमाच्या आधी आणि नंतर तपासले. श्रमानंतर स्नायूंतली इजा वाढली होती आणि पेशींतली ऊर्जानिर्मिती आणखी मंदावली होती.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ मध्ये याच दोन उपचारांची शिफारस केली होती. २९ ऑक्टोबर २०२१ ला तिने नव्या सूचना काढल्या. ठरलेल्या मात्रेने वाढत जाणारा व्यायाम एमई-सीएफएसच्या रुग्णाला देऊ नये, आणि सीबीटी हवी असल्यास द्यावी, पण ती आजार बरा करते असं सांगून नव्हे, तर आजारासोबत जगायला मदत म्हणून. दोन्ही उपचारांच्या बाजूचा पुरावा तपासून संस्थेने तो कमी किंवा अतिकमी दर्जाचा ठरवला होता. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने या उपचारांची शिफारस २०१७ मध्येच मागे घेतली होती. सगळ्यांना हे पटलं असं नाही. ब्रिटनमधल्या 'रॉयल कॉलेज' या डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतले, काही तज्ज्ञांनी २०२३ मध्ये नाइसच्या पद्धतीतल्या त्रुटींवर लेख लिहिला आणि लाँग कोविडबद्दलच्या २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यात सीबीटी व पुनर्वसन उपयुक्त असण्याची शक्यता मांडली गेली. मी हे आक्षेप वाचले. लाँग कोविड म्हणजे अनेक आजारांचं गाठोडं. श्रमानंतर घसरणारे आणि न घसरणारे रुग्ण एकाच यादीत टाकून सरासरी काढली, तर न घसरणाऱ्यांचा फायदा घसरणाऱ्यांची हानी झाकून टाकू शकतो. म्हणून नाइसची बाजू मला अधिक भक्कम वाटते.

या वादाला आपल्याकडचा सर्वांत उपयोगी संदर्भ गोव्यातला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. सहा महिन्यांहून अधिक थकवा असणाऱ्या स्त्रिया १२.१ टक्के होत्या. आपल्याकडे थकलेली बाई म्हटलं की हिमोग्लोबिन आठवतं, पण इथे थकवा आणि हिमोग्लोबिन यांचा संबंध सापडला नाही. गरिबी, कमी शिक्षण, नवऱ्याकडून होणारा छळ, निर्णयाचं स्वातंत्र्य नसणं, मनाचं अस्वास्थ्य यांच्याशी मात्र संबंध होता. हा थकवा खरा आहे, पण तो सगळा एमई-सीएफएस नाही. पुढे याच गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. गावातल्याच प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना पुन्हा हळूहळू कामाला, माणसांत, आवडीच्या गोष्टींकडे वळवलं आणि नैराश्य कमी झालं. 'हळूहळू वाढवा' हा सल्ला इथे औषध ठरला. नैराश्यातला माणूस बागेत चक्कर मारून आला की बहुधा त्याला बरं वाटतं. एमई-सीएफएसच्या रुग्णाला बागेत जायची ओढ असते, तो जातोही, आणि नंतर त्याची किंमत मोजतो. दोघांच्या केसपेपरवर मात्र 'अशक्तपणा' एवढंच लिहिलेलं असतं.

संसर्गांचा विचार केला तर खानदेशाला हा विषय दूरचा राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या डब्बो परिसरात तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतर २५३ रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के रुग्णांत क्रॉनिक फटीग सिंड्रोमचे निकष पूर्ण होत होते. कोण मागे राहणार, हे स्वभावावरून किंवा पूर्वीच्या मानसिक त्रासावरून नव्हे, तर मूळ आजार किती जोराचा होता यावरून कळत होतं. त्या तीन संसर्गांतला एक रॉस रिव्हर विषाणूचा, म्हणजे चिकुनगुन्याच्या भाऊबंदाचा. २००६ मध्ये मालेगावपासून चिकुनगुन्याची साथ कशी पसरली होती, हे या भागातल्या लोकांना आठवत असेल. सांध्यांची सूज उतरल्यावरही महिनोन्‌महिने माणसं उठत नव्हती. मग कोविड आला. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातला मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट होता. वाचलेल्यांचं पुढे काय झालं याकडे लक्ष द्यायला तेव्हा कुणाला उसंत नव्हती. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत कोविड झालेल्यांपैकी ४.५ टक्के लोक एमई-सीएफएसच्या निकषांत बसले. तेव्हापासून पूर्ववत न झालेली माणसं इथल्याही घराघरांत आहेत, आणि त्यांना आजही सांगितलं जातं, फिरायला जा.

मग इथल्या दवाखान्यात काय करावं? आधी थकव्याची उपचार होण्याजोगी कारणं शोधायची, यात शंका नाही. गोव्यातला निष्कर्ष काहीही असो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. तेव्हा हिमोग्लोबिन बघायचंच. थायरॉइड, साखर, क्षयरोग, शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह. सातपुड्याच्या कडेच्या यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत पावरा आणि भिल्ल समाजातल्या रुग्णाला सिकलसेलची तपासणी केल्याशिवाय व्यायाम सांगूच नये. उन्हात, पाणी न पिता केलेले श्रम सिकलसेलच्या रुग्णाला थेट दुखण्याच्या झटक्यात ढकलतात. नैराश्य असेल तर त्यावरही उपचार हवेत आणि तिथे सीबीटी खरंच कामाची आहे.

हे सगळं बघून झाल्यावर दोन गोष्टी करायच्या, आणि दोन्हींना जवळपास फुकट म्हणता येईल. पहिली म्हणजे विचारायचं: 'जास्त काम झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं?' दमलो, झोपलो, बरा झालो असं उत्तर आलं तर चालायला सांगायला हरकत नाही. 'दोन दिवस उठताच येत नाही' असं आलं तर थांबायचं. वर्ल्ड फिजिओथेरपी या जागतिक संघटनेने जून २०२१ मध्ये लाँग कोविडसाठी हेच सांगितलं: व्यायामाआधी श्रमानंतरच्या घसरणीची चौकशी करा. दुसरी गोष्ट उभं राहण्याची चाचणी. रुग्णाला दहा मिनिटं शांत पडू द्यायचं, नाडी आणि बीपी लिहायचं. मग त्याला भिंतीपासून सहा इंचांवर टाचा ठेवून, खांदे भिंतीला टेकवून उभं करायचं आणि दहा मिनिटं दर मिनिटाला नाडी-बीपी लिहायचं. कुणीतरी शेजारी उभं राहायचं, कारण भोवळ येऊ शकते. प्रौढ माणसाची नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर उभं राहणं हेच या शरीराला ओझं होतंय हे कळतं. बीपीचं यंत्र आणि घड्याळ प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे. भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा अशा रुग्णाचे हाल दुपटीने वाढतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

उपचार म्हणून हाती राहतं ते पेसिंग, म्हणजे मर्यादा ओळखून त्याच्या आत राहणं. या आजारात शरीराकडून जास्तीचं काम काढून घेणं सावकाराकडून उचल घेण्यासारखं आहे, परतफेड व्याजासह करावी लागते. घरात त्याचा अर्थ अगदी साधा होतो. भाकऱ्या उभ्याने न थापता बसून थापायच्या. भाजी सकाळी चिरायची, फोडणी दुपारी. अंघोळ स्टुलावर बसून, आणि अंघोळीनंतर वीस मिनिटं आडवं. बरं वाटतंय त्या दिवशी आठवड्याची धुणी काढायची नाहीत. हे शेवटचं सर्वांत कठीण, कारण बऱ्या दिवशीच सगळी कामं डोळ्यांसमोर उभी राहतात. डायरी ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत आपली रेषा कुठे आहे ते दिसू लागतं. सीबीटीचं प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकाचा खरा उपयोग इथे आहे: रुग्णाला अपराधी वाटू नये म्हणून, आणि सासू-नवऱ्याला समोर बसवून 'ही आळशी नाही' हे सांगण्यासाठी.

पण कापूस किलोवर वेचला जातो आणि केळीचे घड नगावर उचलले जातात. ज्या बाईला अर्धा दिवस वेचणी केली तर अर्धीच मजुरी मिळते, तिला पेसिंग सांगणारा डॉक्टर तिला अर्धपोटी राहायला सांगत असतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत हा आजार नावाने नाही, मात्र 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार' हा प्रकार आहे. जागतिक वर्गीकरणाचा आधार घेऊन या आजाराला त्यात धरलं जावं, एवढी मागणी तरी लावून धरण्यासारखी आहे. त्याशिवाय विश्रांतीचा सल्ला पगारी नोकरदारांपुरताच राहील.

योगाबद्दल लोक हमखास विचारतात. जपानमध्ये ताकाकाझु ओका यांनी २०१४ मध्ये ३० रुग्णांवर छोटा प्रयोग केला. खुर्चीत बसून, स्वतःच्या हाताला हाताने हलका विरोध करत, श्वासासोबत वीस मिनिटांची आसनं. थकवा कमी झाल्याचं रुग्णांनी सांगितलं. चाचणी लहान आहे आणि निकाल पुन्हा रुग्णाच्याच तोंडचा आहे, पण एक बाब शिकण्यासारखी आहे: तिथे रुग्णाच्या ताकदीप्रमाणे मात्रा ठरली, मात्रेप्रमाणे रुग्णाला ओढलं गेलं नाही. पहाटे बारा सूर्यनमस्कार, आठवड्याला दोन वाढवायचे, ही त्याच्या नेमकी उलट गोष्ट आहे.

या आजाराच्या किमान चौथाई रुग्णांना कधी ना कधी घराबाहेर किंवा अंथरुणाबाहेर पडता येत नाही. ते ओपीडीत येत नाहीत, म्हणून बहुतेक चाचण्यांत नसतात. पेसमध्येही नव्हते, कारण दवाखान्यात येऊ शकणाराच त्यात भाग घेऊ शकत होता. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधतात. एका तालुक्यातल्या आशाताईंनी कोविड किंवा चिकुनगुन्यानंतर न उठलेल्यांची यादी करावी, त्यांच्या घरी जाऊन दुसऱ्या दिवसाचा प्रश्न विचारावा, उभं राहण्याची चाचणी करावी. त्या यादीतल्या माणसांना तोवर कुणीही फिरायला पाठवू नये.